सूचनापेटीची किल्ली कुणाकडे?



हल्ली आपल्या मुलांच्या, नातवंडांच्या कंपनीत 'कायझेन' हा शब्द फार चालतो. रोजच्या कामात थोडी थोडी सुधारणा करत राहायची, आणि ती सुचवायची कुणी, तर ते काम करणाऱ्यानेच. शब्द जपानी आहे, पण गोष्ट आपल्या पेडण्यालाही परकी नाही. थोडा इतिहास सांगतो.

युद्धानंतर जपानी माल म्हणजे स्वस्त आणि तकलादू, अशी त्याची ख्याती होती. 1950 मध्ये डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने तिथे व्याख्यानं दिली. 1951 मध्ये टोयोटाने कामगारांकडून सूचना मागवायला सुरुवात केली. 1962 पासून इशिकावा यांच्या पुढाकाराने 'क्वालिटी सर्कल' निघाली. एकाच खात्यातली पाच-दहा माणसं बसतात, आपल्याच कामातली एक अडचण निवडतात, तिचं कारण शोधतात आणि उपाय करून बघतात. आपल्या देशात हे 1980 मध्ये हैदराबादला, भेलच्या कारखान्यात आलं.

बँकांची गोष्ट जरा निराळी. 1969 च्या राष्ट्रीयीकरणानंतर खेडोपाडी शाखा निघाल्या. खाती वाढली, लेजरं जाड झाली. बचत खात्यावरचं व्याज तेव्हा महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिल्लकेवर काढत, तेही हाताने. जून आणि डिसेंबर आला की रात्री घरी जायचं नाव नाही! तरीही मशीन म्हटलं की पोटात गोळा यायचा, कारण मशीन आलं की नोकरी जाणार ही भीती. 1983 मध्ये बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. 1984 मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला. मग लेजर पोस्टिंगची मशीनं शाखांत दिसू लागली.

करार वर झाला, पण काम खाली व्हायचं होतं. मी दोन्ही तऱ्हेच्या शाखा पाहिल्या. एका शाखेत भिंतीवर सूचनापेटी होती. पहिल्या महिन्यात चिठ्ठ्या पडल्या, उत्तर एकालाही आलं नाही. पुढे पेटीत कोळ्याने जाळं विणलं आणि किल्ली कुणाकडे आहे हेही कुणाला आठवेना. दुसऱ्या शाखेत पेटी नव्हती. मॅनेजर शनिवारी अर्ध्या दिवसाचं काम आटोपल्यावर सगळ्यांना चहाला बसवायचे, शिपायापासून हेडकॅशियरपर्यंत. आपल्याकडे एकाच नावा-आडनावाचे चार-चार खातेदार, त्यामुळे चुकीच्या खात्यात नोंद व्हायची. तोडगा दफ्तऱ्याने सुचवला. लेजरच्या पानावर आणि इंडेक्समध्ये नावापुढे लाल शाईने वाड्याचं नाव लिहायचं. सोमवारपासून ते सुरू झालं. खर्च शाईचा एक दौत! पुढे मशीन आलं तेव्हा त्या शाखेत कुरबूर कमी झाली. आपलं ऐकलं जातं हे माणसांना आधीच पटलेलं होतं.

मोरजीतही हेच घडलेलं आहे. तेमवाड्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पूर्वी ती अंडी लोक खात, विकत. 1990 च्या दशकात राखण सुरू झाली तेव्हा वन खात्याने गावातलीच माणसं सोबत घेतली. रात्रीच्या वाळूत कासवाची वाट कुठली, हे दर्यावर वाढलेल्या माणसाइतकं कोण जाणणार? नुसता कायद्याचा फलक लावून हे साधलं नसतं.

चाळीस वर्षांच्या हिशेबातून माझा ताळेबंद एवढाच: सूचना मागणं सोपं, उत्तर देणं अवघड. 'तुमचं जमणार नाही, कारण असं असं' एवढं तोंडावर सांगितलं तरी माणूस पुढची सूचना घेऊन येतो. गप्प बसलात की तोही गप्प बसतो. आणि बक्षिसाच्या रकमेपेक्षा 'ही याची कल्पना' असं चारचौघांत म्हणणं त्याला जास्त मोलाचं वाटतं.

तुमच्या कचेरीत, शाळेत, कारखान्यात अशी एखादी साधी सुधारणा कुणी सुचवली होती? खाली जरूर लिहा. अशा गोष्टी कुठल्याच वार्षिक अहवालात छापून येत नाहीत.