मण्यारदंशातील नेत्रस्नायूंचा लुळेपणा

मण्यार सापाच्या विषाने पापण्या उचलणारे व डोळे फिरविणारे स्नायू निकामी होण्याची अवस्था. तंत्रिका-स्नायू संधीच्या विकारांत तिची गणना होते. पुणे जिल्ह्यातील आंदर, नाणे व पवन मावळातील भातखाचरे आणि लोणावळ्याचा डोंगराळ परिसर येथे पावसाळ्यात सर्पदंशाचा धोका वाढतो.

कारणे : तंत्रिकेच्या टोकातून स्रवणारे ॲसिटिलकोलीन स्नायूवरील ग्राहींना चिकटले की स्नायू आकुंचन पावतो. मण्यारीच्या विषातील बीटा-बंगॅरोटॉक्सिन तंत्रिकेच्या टोकालाच इजा करते. नागाचे विष मुख्यतः ग्राही अडवते. पापणी उचलणारा स्नायू जागेपणी सतत ताणलेला असतो आणि नेत्रगोल फिरविणाऱ्या सहा स्नायूंना संदेश अतिशय वेगाने मिळतात. त्यांच्या संधींची राखीव क्षमता तोकडी असल्याने बिघाड आधी तेथे दिसतो.

लक्षणे : मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दात बारीक असल्याने वेदना व सूज फारशी नसते. पुष्कळदा खूणही सापडत नाही. काही तासांत पोटात कळा येतात, उलट्या होतात; मग पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसते, नजर एका जागी खिळते. पुढे गिळणे, बोलणे व श्वास घेणे अवघड होते. पूर्ण लुळेपणात रुग्ण ऐकत असतो, पण डोळे उघडू शकत नाही. बाहुल्याही विस्फारून राहिल्यास त्याला मेंदूमृत समजण्याची चूक होऊ शकते.

निदान : रुग्णाला काही वेळ वर पाहायला सांगितल्यास पापण्या हळूहळू खाली येतात. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारातही असेच घडते; मात्र त्यात शरीराची प्रतिपिंडे ग्राहींवर हल्ला करतात, त्रास थकव्याने वाढतो व बाहुल्या शाबूत राहतात. महाडच्या डॉ. हिम्मतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी मण्यार व नाग यांच्या दंशांवरील ग्रामीण भागातील निरीक्षणे २००४ मध्ये प्रसिद्ध केली.

उपचार : नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषांवर चालणारे प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून बनवतात. निओस्टिग्मीन नागदंशात उपयोगी पडते, मण्यारदंशात क्वचितच. श्वास मंदावल्यास कृत्रिम श्वसन द्यावे लागते, कधी अनेक दिवस. तंत्रिकेची टोके पुन्हा वाढली की नजर बहुधा पूर्ववत होते.

प्रतिबंध : खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपावे. सकाळी पोटदुखीबरोबर पापण्या मिटू लागल्यास दंशाची खूण शोधण्यात किंवा भगताकडे जाण्यात वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.