जुन्नर प्रांतींच्या लेखांतील राशि व परिमाणें

लेण्याद्रीच्या चैत्यगृहावरील लेख कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत याचें दान नोंदवितो. त्यांत अंक नाहीं व परिमाणही नाहीं. सबंध चैत्यगृहच देय असल्यावर मोजावयाचें काय? त्याच प्रांतांतील दुसरे लेख मात्र मोजून देतात, आणि वाचकाची कसोटी तेथें लागते.

नाणेघाटांतील सातवाहन लेखांत यज्ञाच्या दक्षिणा आहेत. एका ठिकाणीं आधीं 'काहापना' हें नाण्याचें नांव अक्षरांनीं व पुढें २४४०० ही राशि अंकचिन्हांनीं दिली आहे. हे अंक पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८७६ सालीं विवरून प्रसिद्ध केले. येथें शून्य नाहीं, स्थानावरून मूल्यही ठरत नाहीं. सहस्राच्या चिन्हास विसाचें चिन्ह जोडून २००००, चाराचें जोडून ४०००, शताच्या चिन्हास चाराचें जोडून ४००. अशीं तीन जोडचिन्हें ओळीनें मांडून बेरीज वाचावयाची. मानमोडीच्या लेखांत नहपानाचा अमात्य अयम यानें दिलेलें ४६ हें वर्षही ४० व ६ अशा दोन चिन्हांचें आहे. आजच्या अंकांत नक्कल करणारानें मूळ चिन्हें निराळीं टिपून ठेवावींत, हें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

राशि वाचली तरी परिमाण उरतेंच. जुन्नरच्या एका लेखांत आदुथुम शक यानें एका गांवीं २० व दुसऱ्या गांवीं ९ निवर्तनें भूमि दिली आहे. पण निवर्तन केवढें? कौटिल्य तीन रज्जूंची, म्हणजे ३० दंडांची, एक बाजू सांगतो. चार हातांचा दंड धरल्यास क्षेत्र १४४०० चौरस हात होतें. भास्कराचार्यांच्या ११५० मधील लीलावतींत बाजू २० वंशांची व वंश दहा हातांचा. तेथें तेंच निवर्तन ४०००० चौरस हात भरतें. म्हणजे २० निवर्तनें एका मानानें २८८००० व दुसऱ्यानें ८००००० चौरस हात! ग्रंथाचें नांव न सांगतां निवर्तनाचे एकदम बिघे करून देणाऱ्या भाषांतरांवर आमचा विश्वास बसत नाहीं.

मोडी दप्तरांतही हाच पेंच आहे. काठी हें लांबीचें माप. परंतु २० काठ्यांचा पांड व २० पांडांचा बिघा म्हणतांना तीच काठी क्षेत्राची होते, आणि लिहिणारा दोहोंस एकच शब्द घालतो. पांडाखालीं आलेली काठी चौरस समजावी, भिंतीच्या किंवा वाटेच्या मोजणींतील सरळ.