लॉज रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया

लॉज रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया ही मुंबईत १८४३ साली स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजच्या अधिकाराखाली स्थापन झालेली फ्रीमेसन बंधुसंघाची शाखा होय. भारतीयांना सभासदत्व मिळावे या हेतूनेच काढलेली ही भारतातील पहिली शाखा मानली जाते.

स्थापना

मुंबईतील पारशी गृहस्थ माणेकजी खरशेदजी (१८०८–१८८७) यांना युरोपीय सभासदांच्या विरोधामुळे येथे फ्रीमेसन होता आले नाही. अखेर पॅरिसमधील एका लॉजमध्ये त्यांनी दीक्षा घेतली. नियमानुसार दीक्षित सभासद हा सर्वत्र बंधूच. तरीही मुंबईस परतल्यावर 'लॉज पर्सिव्हरन्स'ने त्यांना प्रवेश नाकारला. विश्वबंधुत्वाचा उच्चार करणाऱ्या संस्थेस हे शोभणारे नव्हते. तेव्हा पश्चिम भारतातील स्कॉटिश शाखांचे प्रमुख, भूजचे एकेकाळचे शल्यचिकित्सक डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने हे नवे लॉज उघडण्यात आले. काबूलमध्ये १८४१ साली मारले गेलेले अलेक्झांडर बर्न्स हे त्यांचे धाकटे बंधू. आपल्या भावाच्या हत्येनंतर दोनच वर्षांनी त्यांनी पारशी व मुसलमान सभासदांसाठी हे दार उघडले, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

माणेकजींनी पुढे १८६३ साली मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा इंग्रजी शाळा काढली. अवेस्ताचे अभ्यासक खरशेदजी रुस्तमजी कामा हेही या लॉजचे सभासद होते.

नाव

'लॉज' म्हटले की मराठी वाचकाला उतारूंची खोली आठवते. मूळ अर्थ मात्र बांधकामाच्या जागी पाथरवटांनी उभारलेली खोप असा आहे. फ्रीमेसन मंडळींनी आपली बहुतेक परिभाषा याच व्यवसायातून घेतली. 'रायझिंग स्टार' म्हणजे उगवता तारा. फ्रीमेसन विधींत पूर्व ही प्रकाशाची दिशा असून अध्यक्षाचे आसन पूर्वेस असते, त्यामुळे उदयाची प्रतिमा त्या परंपरेशी जुळते. 'वेस्टर्न इंडिया' हा प्रदेशवाचक भाग आहे. मुंबईत नंतर निघालेल्या 'लॉज सायरस' व 'लॉज इस्लाम' यांच्या नावांवर समाजाची किंवा धर्माची मुद्रा स्पष्ट दिसते. बहिष्कारातून जन्मलेल्या या लॉजच्या नावात मात्र कोणत्याही जातिधर्माचा उल्लेख नाही.

सामान्य लोकांनी या गूढ सभागृहांना आपले नाव दिलेच. भारतातील अनेक शहरांत ती 'जादूघर' म्हणून ओळखली जात.