२५० नॉटचा दंड

दिवाळीत चकलांब्याला घरी संगणकावर विमान 'उडवत' होतो. उतरल्यावर पाहतो तर पुन्हा गुण कापलेले! आमच्या आभासी एअरलाइनचा नियमच आहे: १०,००० फुटांखाली वेग २५० नॉटच्या (ताशी ४६३ किमी) वर न्यायचा नाही. जाम चरफडलो. मग म्हटलं, हा आकडा आला तरी कुठून?

१६ डिसेंबर १९६०. न्यूयॉर्कवर दाट ढग. युनायटेडचं डीसी-८ जेट ठरलेल्या जागी घिरट्या घालायचं सोडून पुढे निघून गेलं आणि टीडब्ल्यूएच्या सुपर कॉन्स्टेलेशनवर आदळलं. जेटचा वेग तेव्हा ३०० नॉटच्या आसपास होता. विमानांतले १२८ आणि जमिनीवरचे ६ जण गेले. ११ वर्षांचा एक मुलगा तेवढा जिवंत सापडला होता, दुसऱ्या दिवशी तोही गेला.

त्यानंतर अमेरिकेत विमानतळाजवळ, कमी उंचीवर २५० नॉटची मर्यादा आली. पुढे इतर देशांनीही ती घेतली.

आता मी १२,००० फुटांवरच उतरण्याचा दर कमी करतो, वेग २४० वर येऊ देतो, मगच खाली जातो. जेट एकाच वेळी झपाट्याने उतरत आणि मंदावत नाही ना! गुण वाचतात. पण १०,००० चा आकडा आला की हल्ली तो मुलगाच आठवतो. असो.