कुरळ्या केसांची घरगुती निगा : गुंता वेळीच सोडवा

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. त्यांच्या नावावरील एका प्रसिद्ध अभंगात जनी तुळशीच्या बनात वेणी उकलते आणि चक्रपाणी हाती लोणी घेऊन तिचे डोके चोळतो. त्यातील भक्तिभाव क्षणभर बाजूला ठेवून केवळ कृतीकडे पाहिले, तरी केसांच्या निगेचा अचूक क्रम त्यात सापडतो : आधी स्निग्धता, मग हलक्या हाताने उकल. कुरळ्या केसांना नेमके हेच हवे असते. हा क्रम पाळला नाही की गुंता वाढतो. आणि दुर्लक्षित गुंत्याला आपल्याकडे ‘जट’ म्हणून देवीशी जोडले जाते. त्यामुळे कुरळ्या केसांची निगा हा केवळ साजशृंगाराचा विषय राहत नाही.

केस कुरळे का असतात?

केसाचा आकार त्वचेखालील मुळाच्या पिशवीवर ठरतो. ही पिशवी सरळ असेल तर केस सरळ वाढतो, वाकडी असेल तर तो वळणे घेत बाहेर येतो. ही ठेवण मुख्यतः आनुवंशिक असते. टाळूतून स्रवणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते. कुरळ्या केसाच्या वळणांवर मात्र ते अडते. म्हणून टाळू तेलकट आणि टोके कोरडी अशी तक्रार वारंवार ऐकू येते. प्रत्येक वळण हे केसाचे नाजूक ठिकाण असते आणि केस तेथेच तुटतो. त्यात परभणीचा कोरडा, कडक उन्हाळा टोकांतील उरलासुरला ओलावाही शोषून घेतो.

पाणी आणि न्हाणे

दख्खनच्या बेसॉल्ट खडकातील विहिरींचे व बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड, म्हणजेच दुष्फेन असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. अंगाचा साबण केसांना लावू नये, याचे हे एक कारण. दुसरे कारण म्हणजे साबण अल्कधर्मी असतो. त्याने केसावरील खवले उघडतात आणि केस राठ होतात. शक्य असल्यास शेवटचे पाणी पावसाचे किंवा गोड्या विहिरीचे घ्यावे.

आठवड्यातून एक-दोन वेळा सौम्य शाम्पूने केवळ टाळू धुणे बहुतेकांना पुरेसे ठरते. शिकेकाई वापरायची असल्यास पूड थेट चोळू नये. तिचे कण वळणांत अडकतात. शेंगा रात्रभर भिजवून उकळाव्यात आणि पाणी गाळून घ्यावे. रिठ्याने केस अधिक कोरडे पडतात, म्हणून तो बेताने वापरावा.

न्हाण्यापूर्वी खोबरेल तेल लावण्याच्या जुन्या प्रथेला शास्त्रीय आधार मिळाला आहे. मुंबईतील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल व खनिज तेलाची तुलना केली होती. त्यात केसांतील प्रथिनांची झीज खोबरेलानेच लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे आढळले.

केस विंचरताना कोरड्या केसांत बारीक फणी घालू नये. ओल्या केसांना कंडिशनर लावून, रुंद दातांच्या कंगव्याने किंवा बोटांनी टोकांपासून सुरुवात करावी आणि हळूहळू मुळांकडे जावे. पंच्याने खसाखसा पुसण्याऐवजी जुन्या सुती कापडाने पाणी टिपून घ्यावे. झोपताना सैल वेणी घातल्यास रात्री गुंता कमी होतो.

स्वयंपाकघरातील जवस

मराठवाड्यात भाकरीबरोबर चटणीसाठी लागणारे जवस कुरळ्या केसांनाही उपयोगी पडते. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ढवळत उकळावे. पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे दाट झाले की गरम असतानाच पातळ कापडातून गाळावे; थंड झाल्यावर ते गाळता येत नाही. हा गर ओल्या केसांना लावून बटा मुठीत दाबल्यास वळणे नीट बसतात. तो फ्रिजमध्ये ठेवून आठवडाभरात संपवावा. वास बदलल्यास टाकून द्यावा. त्याने केस वाढतात, असे मात्र समजू नये. त्याचे काम वळण धरून ठेवण्याचे आहे.

हे प्रयोग टाळावेत

खाण्याचा सोडा केसांना राठ करतो, तर लिंबाचा रस थेट लावल्यास टाळूची आग होऊ शकते. झटपट रंगणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त बहुधा पीपीडी हे रसायन असते. त्याने काहींना तीव्र ॲलर्जी होते. म्हणून केसांच्या रंगाचा थेंब आधी कोपराच्या आतील बाजूस लावून ४८ तास वाट पाहावी. केस सरळ करणाऱ्या काही रसायनांतून उष्णता देताच फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडतो. ग्लायऑक्झिलिक आम्ल असलेल्या उत्पादनांनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. शिवाय नवा केस पुन्हा कुरळाच उगवतो.

एरंडेल दाट असल्याने तेही जपून वापरावे. २०१७ मध्ये भारतातील एका तरुणीची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. एरंडेल लावलेले लांब केस धुताच त्यांचा दगडासारखा घट्ट गोळा झाला आणि अखेर ते कापावे लागले.

गुंत्याची जट होते तेव्हा

जट दैवी कोपाने नव्हे, तर केस एकमेकांत गुरफटल्याने होते, हे या उदाहरणातून स्पष्ट होते. तरीही महाराष्ट्रात जट म्हणजे देवीचे बोलावणे, ती कापल्यास घरावर संकट येते, अशी भीती घातली जाते. जट आलेल्या मुलींना यल्लम्मा देवीला सोडण्याची प्रथाही होती. जटेच्या ओझ्याने मान दुखते, टाळूला जखमा होतात, उवा व दुर्गंधी मागे लागते, आणि हे सारे त्या स्त्रीला निमूटपणे सोसावे लागते.

ही भीती केवळ आपल्याकडचीच नाही. पोलंडमध्येही अशी जट कापल्यास आजार बळावतो, असे लोक मानत. एकोणिसाव्या शतकात क्रॅकोचे डॉक्टर युझेफ डीट्ल यांनी या समजुतीविरुद्ध मोहीम उघडली. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने हाती घेतले. पुण्यातील कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी दोनशेहून अधिक स्त्रियांची जटेतून सुटका केली आहे. विशेष म्हणजे त्या पूर्वी ब्युटी पार्लर चालवीत असत.

घरात एखाद्या मुलीच्या कुरळ्या केसांत गाठ दिसली, तर कुंकू न वाहता तेल किंवा कंडिशनर लावून ती बोटांनी सोडवावी. सुटत नसेल तर तेवढाच भाग कापावा. केस पुन्हा वाढतो. आजारी, बाळंतीण व वृद्ध स्त्रियांच्या केसांना अनेक दिवस कंगवा लागत नाही. त्यांच्याकडे घरातल्यांनी विशेष लक्ष द्यावे. आठवड्यातील अर्धा तास, थोडे तेल आणि रुंद दातांचा कंगवा, एवढ्याने पुढचे मोठे दुखणे टळते.