तलाक, खुला, पोटगी : मुस्लिम स्त्रीचे हक्क आणि आपली भूमिका

पुण्यात कसबा पेठेसारख्या जुन्या पेठांत मुस्लिम आणि बौद्ध कुटुंबे शेजारी राहतात. नवऱ्याने घराबाहेर काढलेली मुस्लिम बाई मदत मागायला आली की पुष्कळदा एकच उत्तर मिळते, "त्यांच्यात तसंच असतं." हे उत्तर चुकीचे आहे. कायदा तिला बरेच काही देतो, काही गोष्टी अजून देत नाही. दोन्हींची नेमकी माहिती आपल्या कार्यकर्त्यांजवळ असली पाहिजे.

पुण्यातून उठलेला आवाज

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधानसभेवर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांना समान नागरी कायदा लागू करा, या त्यांच्या मागण्या होत्या. २२ मार्च १९७० रोजी दलवाईंनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. क्रांतिबा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये याच शहरात स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचा वारसा नावातच घेतला. १९७७ मध्ये दलवाई गेले, पण मेहरुन्निसा दलवाई आणि सय्यदभाई यांनी काम चालू ठेवले. धाकट्या बहिणीला मिळालेल्या तोंडी तलाकमुळे सय्यदभाई या चळवळीत आले होते. म्हणजे ही मागणी बाहेरच्यांनी लादलेली नाही. ती समाजाच्या आतूनच उठली आणि तिच्यासाठी त्यांनी दगडही झेलले.

निकाह आणि मेहर

मुस्लिम कायद्यात निकाह हा करार आहे. वधूची संमती आवश्यक असते आणि मेहर हा तिचा स्वतःचा हक्क असतो. मेहर लगेच द्यायचा किंवा मागाहून द्यायचा, असा दोन प्रकारे ठरतो. न दिलेला मेहर नवऱ्यावरचे कर्ज मानला जातो आणि ती तो कोर्टातून वसूल करू शकते. निकाहनाम्यात अटीही घालता येतात. प्रत्यक्षात मेहरची रक्कम नावापुरती लिहिली जाते आणि निकाहनाम्याची प्रत बाईच्या हाती नसते. अडचण इथूनच सुरू होते.

वेगळे होण्याचे मार्ग

*तलाक* नवरा देतो. एका दमात तीनदा उच्चारलेला तलाक २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शायरा बानो खटल्यात ३ विरुद्ध २ मतांनी रद्द ठरवला. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. इद्दतीच्या काळात मागे घेता येणारा किंवा तीन महिन्यांत टप्प्याटप्प्याने दिलेला तलाक मात्र कायम आहे. त्यालाही योग्य कारण हवे आणि आधी दोन्हीकडच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केलेला हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने दगडू पठाण खटल्यात सांगितले. दोन्ही निकाल २००२ चे आहेत.

*खुला* म्हणजे पत्नीने मागितलेला घटस्फोट. बहुधा मेहर सोडून देऊन तो मिळतो आणि रूढ समजुतीप्रमाणे नवऱ्याची संमती लागते. *मुबारात* दोघांच्या संमतीने होतो. नवरा संमती देत नसेल तर १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याखाली ती थेट कोर्टात जाऊ शकते. चार वर्षे नवऱ्याचा पत्ता नसणे, दोन वर्षे खर्च न देणे, सात वर्षांची कैद, क्रूर वागणूक ही त्यातली काही कारणे.

असमानता इथे स्पष्ट दिसते. पुरुष घरात बसून वेगळा होऊ शकतो. स्त्रीला त्याची संमती मिळवावी लागते, नाहीतर कोर्टात कारण सिद्ध करावे लागते.

पोटगी

इंदूरच्या शाहबानोंना उच्च न्यायालयाने महिना १७९ रुपये २० पैसे मंजूर केले होते. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने ते कायम केले. त्यावर गदारोळ झाला आणि १९८६ चा कायदा आला. २००१ मध्ये दानियल लतीफी खटल्यात न्यायालयाने या कायद्याचा अर्थ स्त्रीच्या बाजूने लावला. नवऱ्याने इद्दतीच्या आतच तिच्या पुढच्या आयुष्याचीही योग्य तरतूद केली पाहिजे, असे सांगितले. १० जुलै २०२४ च्या निकालाने तर घटस्फोटित मुस्लिम स्त्री सर्वसाधारण फौजदारी कायद्याखालीही पोटगी मागू शकते, हे पक्के झाले. जुने कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ आहे. नवऱ्याने दुसरे लग्न केले तर वेगळे राहूनही पत्नीला पोटगी मागता येते.

काय बाकी आहे

बहुपत्नीत्व आणि हलाला यांविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आहेत. २०१९ च्या कायद्यावरही प्रश्न आहे. नवरा तुरुंगात गेला तर घरखर्च कोण देणार? शिवाय तलाकचा शब्दही न काढता बायकोला टाकून देणारे पुरुष सर्व धर्मांत आहेत. त्यांना असा तुरुंग नाही.

आपले काम

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिल रखडवले गेले म्हणून १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. धर्म कोणताही असो, स्त्रीला समान हक्क हवा, हीच आपली कसोटी आहे. याच कसोटीने तोंडी तलाकला विरोध करायचा आणि मुस्लिम समाजाला झोडपण्यासाठी या बायकांचे दुःख वापरणाऱ्यांनाही विरोध करायचा.

वस्तीत करता येण्यासारखे :

- निकाहनाम्याची प्रत, मेहरची नोंद आणि विवाह नोंदणीचा दाखला बाईच्या स्वतःच्या ताब्यात आहे का, ते पाहा.
- तलाकची चिठ्ठी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज आला तर पुसू देऊ नका, तो पुरावा आहे.
- मारहाण होत असेल किंवा घराबाहेर काढले असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे.
- शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो.
- लग्न ठरवताना तरुणांना विशेष विवाह कायदा, १९५४ समजावून सांगा. त्यात एकपत्नीत्व आहे आणि घटस्फोट कोर्टातूनच होतो.

शेवटी निर्णय तिचाच असतो. कोणाला नांदायचे असते, कोणाला वेगळे व्हायचे असते, कोणाला फक्त मुलांचा खर्च हवा असतो. आधी ती काय म्हणते ते ऐका, मग कायद्याचे बोला.