तळटीप : दुपारी दोनची गुंगी
* मादी उंदराचे ऋतुचक्र जेमतेम 4-5 दिवसांचे. अंडाशयातले इस्ट्रोजेन पुरेसे वाढले की मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच हे संप्रेरक भरभरून स्रवते. ते पीयूषिका ग्रंथीला एलएच हे दुसरे संप्रेरक सोडायला लावते आणि त्या रात्री अंडी सुटतात.

पण यालाही वेळ ठरलेली असते. एव्हरेट आणि सॉयर या संशोधकांनी 1950मध्ये ठरावीक उजेड-अंधारात वाढवलेल्या माद्यांना, ज्या रात्री अंडी सुटायची त्या ऐन दिवशी, दुपारी 2 वाजता बार्बिट्युरेटची गुंगी दिली. अंडी सुटली नाहीत. सुटली ती बरोबर एक दिवस उशिरा! तेच औषध 4नंतर दिल्यास बहुतेकींवर काही परिणाम होत नसे, कारण मेंदूचा आदेश तोवर पोचलेला असे.

या प्रयोगाचे मोल फार मोठे : मेंदूच्या आदेशाची वेळ त्यातून कळली, तेव्हा तो आदेश नेणाऱ्या जीएनआरएचची रचनाही ठाऊक नव्हती; ती उलगडली थेट 1971मध्ये.